केबल कापायची आहे, पण यजमानांना कसे सांगू?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत गेली तेहतीस वर्षे राहणाऱ्या एका भगिनींनी लिहिले आहे. त्यांचे यजमान सहासष्ट वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले अभियंते. सकाळच्या चहापासून रात्री अकरापर्यंत बैठकीच्या खोलीत एमएसएनबीसी ही एकच वृत्तवाहिनी चालू असते. केबल आणि इंटरनेट मिळून बिल महिन्याला २२८ डॉलरवर गेले आहे. टेक्सासात नोकरी करणारा एकोणतीस वर्षांचा मुलगा थँक्सगिव्हिंगला घरी आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, तुमच्या वयाच्या लोकांशिवाय हे आता कुणी बघत नाही." यजमान म्हणाले, "आणि तू ऐकतोस त्या पानाच्या टपरीवरच्या गप्पा." मुलगा तीन-तीन तासांचे पॉडकास्ट ऐकतो, २०२४ मध्ये त्याने मतही वडिलांच्या विरुद्ध बाजूला दिले. श्रीखंड ताटात तसेच राहिले आणि मुलगा एक दिवस आधी परत गेला. भगिनी पुढे लिहितात: "टीव्ही जाणारच असेल तर मीच केबल बंद करून टाकू का? निदान भांडणाचे मूळ तरी जाईल. मी स्वतः बातम्या बघत नाही. सप्टेंबरात एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या शुल्काचे मला भिशीच्या ग्रुपवरच कळले होते आणि पुण्याला सुट्टीवर गेलेल्या भाच्याला मी भल्या पहाटे फोन करून उठवले होते. पण नोव्हेंबरात त्या चॅनेलचे नाव बदलले, त्या दिवशी हे घरात कुणी गेल्यासारखे गप्प बसून होते. ते आठवले की हात धजत नाही."

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यापाशीच मी आधी थांबले. वाहिनीचे नाव बदलले म्हणून माणूस दिवसभर गप्प बसतो, याचे तुम्हाला थोडे हसू आले असेल आणि थोडी भीतीही वाटली असेल. मला मात्र ते गप्प बसणे अगदीच अनाठायी वाटत नाही. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी एमएसएनबीसीचे 'एमएस नाऊ' झाले, ते दुकानाची पाटी नव्याने रंगवावी तसे झाले नाही. कॉमकास्ट या मालक कंपनीने आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या काढून त्यांची व्हर्संट नावाची कंपनी केली. एमएसएनबीसी ज्या जुन्या वाहिनीची शाखा होती त्या एनबीसीचे नाव, तिचे मोराचे चिन्ह आणि एनबीसीचा बातमीदारांचा मोठा फौजफाटा मात्र स्वतःकडे ठेवला. एकत्र कुटुंबाची वाटणी होते तेव्हा कुणाच्या वाट्याला काय आले यावरून कुणाची किती किंमत होती ते उघड होते, तसेच इथे झाले. तुमच्या यजमानांना व्यवसायाचे हे तपशील ठाऊक असोत वा नसोत, आपण ज्या घरात रोज जाऊन बसत होतो त्या घराला मालकानेच वेगळी चूल मांडायला सांगितली, एवढे त्यांना नक्कीच कळले असणार.

हे का घडले, ते तुमच्या २२८ डॉलरच्या बिलातच लिहिलेले आहे. सीएनएन १ जून १९८० रोजी अटलांटात सुरू झाली, एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज १९९६ मध्ये आल्या, आणि या साऱ्यांचे अर्थकारण जाहिरातींइतकेच एका साध्या सोयीवर उभे राहिले: केबल घेणाऱ्या प्रत्येक घरामागे वाहिनीला दरमहा ठरलेली रक्कम मिळते, त्या घरात ती वाहिनी कुणी लावो वा न लावो. म्हणजे तुमच्या शेजारच्या घरात दिवसभर फक्त क्रिकेट किंवा स्वयंपाकाचे कार्यक्रम लागत असले, तरी ते घर तुमच्या यजमानांच्या संध्याकाळचा थोडा खर्च उचलत होते. तो शेजारी केबल सोडून गेला की त्याचा वाटा बुडतो, उरलेल्यांचे बिल चढते, आणि बिल चढले की आणखी एक शेजारी जातो. वाहिनीवरच्या मजकुराचा या गळतीशी संबंध त्या मानाने कमी आहे. अगदी उत्तम वृत्तवाहिनी असती तरी तिला हा फटका बसलाच असता.

तेव्हा तुमच्या मुलाचे म्हणणे आकड्यांपुरते बरेचसे खरे आहे, आणि ते यजमानांपासून लपवण्यात अर्थ नाही. निल्सन या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीची निकालाची रात्र टीव्हीवर सात कोटींहून अधिक लोकांनी पाहिली, २०२० ची ५ कोटी ६९ लाखांनी आणि २०२४ ची ४ कोटी २३ लाखांनी. मे २०२५ मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर घालवलेल्या वेळेपैकी ४४.८ टक्के स्ट्रीमिंगला, म्हणजे इंटरनेटवरून बघण्याला, गेला, केबलला २४.१ आणि अँटेनावर दिसणाऱ्या जुन्या ब्रॉडकास्ट वाहिन्यांना २०.१ टक्के मिळाला, म्हणजे दोघी मिळूनही मागे पडल्या. केबल वृत्तवाहिन्यांच्या प्रेक्षकांचे मध्यम वय सत्तरीच्या आसपास आहे. 'तुमच्या वयाच्या लोकांशिवाय' हे वाक्य बोचरे होते, पण खोटे नव्हते.

तरीही त्यात एक गफलत आहे. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकल्यावर, डेमोक्रॅट बाजूचे लोक जास्त बघतात त्या एमएसएनबीसी आणि सीएनएनचे प्रेक्षक उतरले, त्याच सुमारास ट्रम्प यांच्या रिपब्लिकन बाजूचे लोक बघतात त्या फॉक्स न्यूजचे वाढले. केबलची तार सगळ्यांना सारखीच होती. हरलेल्या बाजूच्या माणसाला निकालानंतर टीव्ही लावावासा वाटत नाही आणि जिंकलेल्या बाजूच्या माणसाला पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो, हे त्यामागचे साधे कारण. प्रेक्षक घटले की वाहिनी खोटी ठरते आणि वाढले की खरी ठरते, असे नसते, याचा दाखलाही जवळच आहे: सर्वांत जास्त प्रेक्षक असलेल्या फॉक्सला २०२० च्या निवडणुकीबद्दल प्रसारित केलेल्या खोट्या दाव्यांपायी एप्रिल २०२३ मध्ये डॉमिनियन या मतदानयंत्र कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यावे लागले. हे तुमच्या मुलाला ऐकवा, पण यजमानांनाही सांगा की गर्दीचा हा मुद्दा उलट बाजूनेही तितकाच लागू आहे. लाखो लोक तीन तासांचा पॉडकास्ट ऐकतात म्हणून तो खरा होत नाही, आणि तरुण पोरे ऐकतात म्हणून टपरीवरचाही ठरत नाही.

'टपरी' या शब्दाबद्दल यजमानांशी माझे थोडे भांडणच आहे. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प जो रोगनच्या पॉडकास्टवर जवळजवळ तीन तास बसले. त्याच महिन्यात कमला हॅरिसही तरुण स्त्रियांमध्ये लोकप्रिय असलेल्या एका पॉडकास्टवर गेल्या. मते मागायला उमेदवार जिथे जातात तिथे मतदार असतात, एवढा व्यवहार त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. शिवाय केबलवरची माणसेच तिकडे गेली आहेत. २४ एप्रिल २०२३ या एकाच दिवशी फॉक्सने निवेदक टकर कार्लसन यांना आणि सीएनएनने निवेदक डॉन लेमन यांना घरी पाठवले, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे पुढे इंटरनेटवर आपापला कार्यक्रम घेऊन बसले. कॅमेरा तोच, चेहरा तोच; बाजूचा संपादक, वकील आणि तथ्य तपासणारा तेवढा उरला नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत तिशीच्या आतले ३७ टक्के अमेरिकन अशा 'न्यूज इन्फ्लुएन्सरां'कडून नियमित बातम्या घेतात असे दिसले, आणि या इन्फ्लुएन्सरांपैकी ७७ टक्क्यांनी कधीही कुठल्या वृत्तसंस्थेत काम केलेले नव्हते. तुमच्या मुलाला विचारण्यासारखा प्रश्न असलाच तर तो इथे आहे: तो ऐकतो त्या माणसाने चूक केली तर ती कोण पकडते आणि दुरुस्ती कुठे छापली जाते? मात्र हा प्रश्न केबलवरच्या रात्रीच्या कार्यक्रमांनाही विचारता येतो, आणि तिथले उत्तरही दर वेळी समाधानकारक असेलच असे नाही.

आता मी तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. यजमान दिवसाला बारा-चौदा तास बातम्या बघतात, असे तुम्ही लिहिले आहे. ताई, इतक्या बातम्या जगात रोज घडतच नाहीत. एखादा दिवस वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा आणि बातमीदार घटनास्थळावरून काहीतरी नवे सांगतो तो वेळ तेवढा मोजा. माझा अंदाज आहे की पाऊण-एक तासापलीकडे आकडा जाणार नाही. बाकीचा वेळ चार माणसे टेबलाभोवती बसून त्याच गोष्टीवर बोलत असतात, कारण बातमीदार पाठवणे महाग असते आणि खुर्चीत बसून बोलणे स्वस्त. म्हणजे तुमचे यजमान ज्याला बातम्या म्हणतात आणि तुमचा मुलगा ज्याला पॉडकास्ट म्हणतो, त्या बव्हंशी एकाच जातीच्या गोष्टी आहेत: ओळखीच्या आवाजाची सोबत. आणि दोन्हीकडच्या गप्पांना लागणारा कच्चा माल तिसराच कुणी बातमीदार पावसात उभा राहून जमवत असतो, ज्याचे नाव या दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

सोबत या शब्दाला हलके लेखू नका. माझ्या वडिलांची दाढी आणि आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या यांची गाठ इतकी पक्की होती की ट्रान्झिस्टरचे सेल उतरले तर त्या दिवशी दाढी राहायची. बातम्यांत काय सांगितले असे आईने विचारले, तर चारांतली एखादी त्यांना आठवे. तो आवाज बातमीसाठी नव्हताच. दिवस सुरू झाला, जग जागेवर आहे, एवढी ती हमी होती. तुमच्या पत्रातही तसा एक तपशील तुमच्या हातून सहज लिहिला गेला आहे. जानेवारी १९९१ मध्ये जर्सी सिटीच्या एका खोलीत पाच मराठी मुले एका टीव्हीसमोर बसून सीएनएनवर बगदादवरचे बॉम्बहल्ले बघत होती आणि त्यांतले एक तुमचे यजमान होते, ही गोष्ट ते अजून पाहुण्यांना सांगतात, असे तुम्ही म्हणता. नव्या देशातली ती पहिली सोबत होती. निवृत्त झाल्यावर दिवसाचे दहा तास मोकळे पडलेल्या माणसाने पुन्हा तिचाच आधार घेतला, तर त्यात राजकारणाचा भाग किती आणि निवृत्तीचा किती, हे तुम्हीच मला सांगू शकाल. निवृत्तीचा भाग मोठा असेल, तर केबल कापून तो दुरुस्त होणार नाही. आणि ते टीव्हीखेरीज कशातच रमत नसतील, झोप-जेवण बिघडले असेल, तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत तो विषय जरूर काढा.

दुसरे गृहीतक तुमचे स्वतःबद्दलचे आहे. 'मी बातम्या बघत नाही' असे तुम्ही लिहिता आणि पुढच्याच वाक्यात भिशीच्या ग्रुपवरून मिळालेल्या बातमीवरून भाच्याला पहाटे उठवता. तो प्रसंग मला तुमच्या घरातल्या सगळ्या वादापेक्षा जास्त बोलका वाटतो. शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५ ला एच-१बीसाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. वाणिज्यमंत्र्यांच्या बोलण्यावरून ते दर वर्षी भरावे लागेल असा समज झाला, आदेश रविवारपासून लागू होणार होता, आणि भारतात सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाची तिकिटे शोधू लागले. शनिवारी सरकारकडून खुलासा आला की शुल्क एकदाच, नव्या अर्जांसाठी आहे आणि ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्याला बाधा नाही. त्या चोवीस तासांत घाबरवणारे संदेश टीव्हीवर होते, यूट्यूबवर होते आणि भिशीच्या ग्रुपवरही होते. भाच्याच्या खऱ्या उपयोगाचा मात्र आदेशाचा मूळ मजकूर, त्याच्या कंपनीच्या वकिलाची ईमेल आणि दुसऱ्या दिवशीचा खुलासा, एवढाच होता. तुम्ही चुकलात असे मी म्हणत नाही, मीही मावशी असते तर फोन केलाच असता. पण बातम्यांच्या बाबतीत घरात तुम्ही तिसऱ्या प्रेक्षक आहात, पंच नव्हे, एवढे ध्यानात घेऊन मग केबलला हात घाला.

आता व्यवहाराचे. यजमानांना न सांगता केबल बंद करू नका. भांडणाचे मूळ त्या डब्यात नाही, आणि डबा गेला की ते बातम्या सोडतील असेही नाही. ते फोनवर यूट्यूब उघडतील, जिथे एका व्हिडिओनंतर दुसरा आपोआप लागतो आणि प्रत्येक पुढचा व्हिडिओ मागच्यापेक्षा थोडा जास्त भडकलेला असू शकतो. निदान केबलवर एका तासानंतर निवेदक तरी बदलतो. त्याऐवजी बिल दोघांनी मिळून टेबलावर पसरा. अभियंत्याला तुमच्या भावनांपेक्षा बिलातल्या ओळी लवकर पटतील: इंटरनेट किती, वाहिन्यांचा संच किती, डब्याचे भाडे किती, आणि 'ब्रॉडकास्ट फी' किंवा खेळांच्या नावाखाली चढवलेले शुल्क किती. कुणी सल्ला देईल की केबल सोडून यूट्यूब टीव्ही हा इंटरनेटवरचा वाहिन्यांचा संच घ्या. त्यावर एमएस नाऊ दिसते खरे, पण २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झालेला तो संच २०२५ च्या जानेवारीपासून ८२.९९ डॉलरला झाला आहे, त्यामुळे बचत वाटते तितकी होत नाही. छतावर किंवा खिडकीत साधा अँटेना लावला तर एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि पीबीएस फुकट दिसतात, अर्थात प्रक्षेपण मनोऱ्यापासून तुमचे घर किती दूर आणि मध्ये काय आहे त्यावर चित्र अवलंबून राहील. सीएनएनने ऑक्टोबर २०२५ पासून महिना ६.९९ डॉलरला आणि फॉक्सने ऑगस्टपासून १९.९९ डॉलरला केबलशिवाय थेट वर्गणी सुरू केली आहे. एखाद्या वाचकाच्या घरी त्याच वाहिन्या लागत असतील तर हिशेब वेगळा होईल.

तुमच्या घरापुरता मात्र एक प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारा: या साऱ्या तासांपैकी कुठला तास गेला तर यजमानांना खरोखर चुकल्यासारखे होईल? उत्तर बहुधा सोमवारी रात्री नऊचे असेल, कारण त्या वाहिनीवरच्या निवेदिका रेचल मॅडो यांच्या कार्यक्रमासाठी सोमवारी जेवण लवकर उरकते, असे तुम्हीच लिहिले आहे. तो कार्यक्रम पॉडकास्ट म्हणूनही ऐकता येतो, हे त्यांना माहीत आहे का? नसेल तर तुमच्या घरातल्या भांडणावरचा हा सर्वांत विनोदी उपाय ठरेल: बाबांचा टीव्ही आणि मुलाचा पॉडकास्ट यांतली भिंत मालकांनी कधीच पाडली आहे आणि हे दोघे मात्र तिच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालत आहेत. कानात इअरफोन घालून ते मंगळवारी सकाळी चालायला जाऊ शकतील, गुडघ्यांनाही बरे. दोन आठवडे असे करून पाहा, केबल चालू असतानाच. मग निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

मुलाशी तुम्ही बोला, पण मध्यस्थ होऊ नका. त्याला एवढेच सांगा की 'कुणी बघत नाही' हे वाक्य वडिलांना 'तुम्ही आता कुणी नाही' असे ऐकू आले. मग दोघांपुढे एक छोटा करार ठेवता येईल: महिन्यातून एकदा मुलाने वडिलांना एक भाग पाठवायचा, वडिलांनी त्याला एक तास सुचवायचा, आणि फोनवर बोलताना कोण बरोबर हा विषय न काढता एकच गोष्ट एकमेकांना विचारायची, की यात मला आधी ठाऊक नव्हते असे काय होते. एखाद्या भागात काहीच निघाले नाही, तर तसे स्पष्ट म्हणायची मुभा दोघांनाही असावी. ते लगेच जमेल असे मी म्हणणार नाही. ज्या घरात मते वेगळी आहेत तिथे हा करार दोन-तीन वेळा मोडतो, त्याची तयारी ठेवा. मत बदलण्याची अट मात्र कुणी घालू नये. ती घातली की करार पहिल्याच रविवारी संपेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि तिचीच मला सर्वांत जास्त चिंता वाटते. वॉशिंग्टनमध्ये कोण काय म्हणाले हे तुमच्या घरात तिघांनाही कळते. तुमच्या टाउनशिपच्या कौन्सिलने गेल्या महिन्यात काय ठरवले, शाळेच्या बजेटमुळे प्रॉपर्टी टॅक्स किती वाढणार, हे कुणाला माहीत आहे? नेवार्कच्या स्टार-लेजर या वृत्तपत्राचा छापील अंक फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाला आणि आता ते फक्त इंटरनेटवर आहे. केबलवरचा निवेदक तुमच्या गावी येणार नाही आणि ऑस्टिनमधला जो रोगनही येणार नाही. एनजे स्पॉटलाइट न्यूज ही ना-नफा तत्त्वावरची वृत्तसंस्था न्यू जर्सीच्या राज्यकारभाराच्या बातम्या देते; तिथून सुरुवात करा. निवृत्त अभियंत्याकडे वेळ आहे, आकड्यांची सवय आहे आणि रागही भरपूर आहे. कौन्सिलच्या एका बैठकीला ते मागच्या रांगेत जाऊन बसले, तर तिथे या तिन्ही गोष्टींना काम मिळेल. पुढे जमले तर त्यांनाच सांगा की घरी येऊन तुम्हाला आणि मुलाला बैठकीचा वृत्तान्त द्या.

महाराष्ट्रातूनही अशी पत्रे येतात, फक्त वाहिन्यांची नावे बदलतात. तिथे रात्री आठच्या चर्चेत आठ चौकटींतून आठ माणसे एकदम ओरडत असतात आणि घरातली तरुण मुले यूट्यूबवर एकट्या पत्रकाराला ऐकत असतात. त्या वाचकांनीही आधी आपले बिल आणि मग आपले तास मोजावेत. आजीला मालिका हवी असते म्हणून घेतलेल्या संचात बातम्या फुकट आल्यासारख्या वाटतात, तेवढा फरक.

आणि यजमान आपणहून केबल सोडायला तयार झाले, तर डबे आणि रिमोट मोजून कंपनीच्या दुकानात स्वतः नेऊन द्या आणि परत केल्याची पावती घ्या. ती वर्षभर तरी जपून ठेवा, कारण परत केलेल्या डब्याचे पैसे पुन्हा मागणारी पत्रे पुढे महिनोन्महिने येऊ शकतात.